आधी चाल पाहा, मग गुडघा

गुडघेदुखीवर सल्ला देणाऱ्यांची आपल्यात कधीच वाण नव्हती. शब्बाथची प्रार्थना आटोपून किद्दूशला बसलो की एकजण तेल सांगतो, दुसरा पट्टा, तिसरा थेट ऑपरेशन. इथे अमेरिकेत त्यात माझ्या नातीची भर पडली. एका संशोधनाची बातमी वाचून ती म्हणाली, “आजी, पाऊल थोडं आत वळवून चालत जा. गुडघ्यावरचा भार कमी होतो.” मी आठ दिवस तशी चालले. गुडघा होता तसाच राहिला, वर कंबर धरली. चूक संशोधनाची नव्हती. बातमीतला महत्त्वाचा भाग आम्ही दोघींनी सोडून दिला होता. तोच आज सांगते.

युटा, न्यूयॉर्क आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांतील संशोधकांचे हे काम 2025 मध्ये ‘लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो आणि त्यातला बराचसा गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडतो. म्हणून पुष्कळांचा गुडघा आतूनच झिजतो. हा भार डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी कंबर, गुडघा, घोटा अशा ठिकाणी चकाकणाऱ्या बारीक गोळ्या चिकटवतात. भोवतीचे कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात आणि पायाखालच्या ट्रेडमिलला पाऊल किती जोराने टेकले ते कळते. या दोन्हींवरून संगणक गुडघ्यावरच्या भाराचा हिशेब मांडतो.

प्रत्येकाला पाऊल 5 अंश, मग 10 अंश आत आणि तसेच बाहेर वळवून चालायला लावले. कोणाचा भार आत वळवल्याने कमी झाला, कोणाचा बाहेर वळवल्याने. ज्यांचा कशानेच कमी होईना, त्यांना चाचणीत घेतलेच नाही. नात आणि मी विसरलो ते नेमके हेच!

निवडलेल्या 68 जणांचे दोन गट केले. एका गटाला ज्याचे त्याचे वळण शिकवले, दुसऱ्याला नेहमीचीच चाल ठेवायला सांगितली. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा शिकवणी. नडगीवर बांधलेले यंत्र थरथरून पावलाचा कोन सांगायचे. शिवाय रोज निदान 20 मिनिटे सराव. वर्षअखेर चाल बदललेल्यांचे दुखणे दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले आणि एमआरआयमध्ये त्यांच्या कूर्चेची हानीही मंदावलेली दिसली.

माझे मत असे की, एक्स-रे झीज दाखवतो, पण ती वाढवणारी चाल दाखवत नाही. तरीही कित्येक दवाखान्यांत आपण खुर्चीत बसतो, फोटो दाखवतो आणि गोळ्या घेऊन निघतो. दहा पावले चालून दाखवा, असे कोणी म्हणत नाही. काहीजण म्हणतील, म्हाताऱ्यांना ही यंत्रे कशाला, शेवटी ऑपरेशनच ना? ज्यांचा सांधा पुरता झिजला त्यांना ते लागेलही. ही चाचणीसुद्धा सौम्य ते मध्यम झीज असलेल्यांचीच होती. पण त्या टप्प्यावरच्या माणसापुढे अजून कितीतरी वर्षे चालायची असतात. ती वर्षे नुसत्या गोळ्यांवर का काढायची?

अशा प्रयोगशाळा मोजक्या आणि महाग आहेत, हे खरे. स्टॅनफर्डच्याच संशोधकांनी 2023 मध्ये मांडलेली ‘ओपनकॅप’ प्रणाली मात्र दोन मोबाइलच्या चित्रीकरणावरून शरीराच्या हालचालींचा हिशेब करते. अशी साधने साध्या दवाखान्यांपर्यंत पोचावीत, असा आग्रह आपण रुग्णांनीच धरला पाहिजे.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, वजन. नॉर्थ कॅरोलायनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठात 142 वजनदार वयस्कांची चाल तपासली होती. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. दुसरी, काठी. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाका. दुखऱ्याच बाजूला काठी धरणारे आपल्यात अनेकजण मी पाहते.

पाऊल वळवण्याचा प्रयोग मात्र ऐकीव माहितीवर करू नका. शेजारणीला जे मानवले ते तुमचा भार वाढवूही शकते, शिवाय तोल जाण्याची भीती आहेच. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा एक्स-रे पुढे करण्याआधी उभे राहा आणि सांगा, “डॉक्टर, आधी माझी चाल बघा.”