ओळख कुठून आणायची, साहेब?

गेल्या महिन्यात आमच्या गावात करिअर मार्गदर्शन शिबिर झाले. शादीखान्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत समाजाचे मान्यवर. आधी तिलावत, मग सत्कार, मग शालीवर शाली. मुंबईहून आलेले पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा पावणेबारा वाजले होते. जनसंपर्काच्या क्षेत्रात चांगल्या हुद्द्यावर असलेला आपल्यातलाच माणूस म्हणून मुलांनी कान टवकारले. त्यांनी चाळीस मिनिटांत एकच गोष्ट दहा प्रकारे सांगितली. नेटवर्किंग करा. ओळखी वाढवा. तुमचे नेटवर्क हीच तुमची संपत्ती.

शेवटी प्रश्न घेतले. माझी एक जुनी विद्यार्थिनी उठली. बी.ए. झाली आहे. मराठी, उर्दू, हिंदी तिन्ही भाषा नीट लिहिते, इंग्रजी वाचते आणि अडखळत बोलते. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. ती म्हणाली, "सर, मला जनसंपर्कातच काम करायचं आहे. पण ओळखी वाढवू कुणाशी? मी ज्यांना ओळखते ते सगळे याच हॉलमध्ये बसलेत."

हॉल हसला. पाहुणेही हसले. म्हणाले, "बेटा, लिंक्डइनवर अकाउंट उघड, आत्मविश्वास ठेव." तेवढ्यात चहा आला आणि प्रश्नोत्तरे संपली.

त्या हसण्याचा मला राग आला, म्हणून हे लिहितो आहे. मुलीचा प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर व्यासपीठावर कुणाकडेच नव्हते.

जनसंपर्क म्हणजे काय, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्याला पीआरओ म्हटले की दवाखान्याच्या काउंटरवर बिल कमी करून देणारा माणूस आठवतो. प्रत्यक्षात या कामात प्रेस नोट लिहायची असते, कोणत्या वर्तमानपत्रात आरोग्य कोण बघतो आणि शिक्षण कोण बघतो याची यादी ठेवायची असते, पत्रकार परिषद लावायची असते, दुसऱ्या दिवशी कात्रणे काढायची असतात. आणि संस्थेवर बालंट आले की चोवीस तासांत खरे काय ते लोकांपुढे नीट मांडायचे असते. हे काम कारखान्यांना लागते, रुग्णालयांना लागते, विद्यापीठांना, बँकांना, सामाजिक संस्थांना लागते. सरकारलाही लागते. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातल्या जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जातात. हेच खाते 'लोकराज्य' मासिक उर्दूतही काढत आले आहे.

सरकारी जागेला निदान परीक्षा असते. खासगी क्षेत्रात दार वेगळ्या पद्धतीने उघडते. एजन्सीत आधी इंटर्न म्हणून शिरायचे, सहा महिने पडेल ते काम करायचे, मग जमले तर नोकरी. पुष्कळदा इंटर्नची जागा जाहीरच होत नाही. कुणाची तरी भाची असते, कुणाच्या तरी कॉलेजमधला ज्युनिअर असतो. मुंबईत सहा महिने जवळजवळ फुकट राबायचे म्हणजे मुंबईत राहायला घर हवे. ज्याचा मामा दादरला आहे त्याला हे जमते. ज्याचा मामा भिवंडीत लूमवर आहे आणि एका खोलीत आठजण झोपतात, त्याला जमत नाही.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध लिहिला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांना त्यांनी विचारले, तुम्हाला ही नोकरी कुणाकडून कळली? ज्यांना ओळखीतून मिळाली होती त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोकांनी वारंवार भेटणाऱ्या माणसाचे नाव घेतले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण साधे आहे. जिवाभावाच्या मित्राला तेच माहीत असते जे आपल्याला माहीत आहे. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते.

आता हे आपल्या मोहल्ल्याला लावून पाहा. आपल्याकडे जवळच्या नात्यांची काय कमी आहे? मय्यत झाली तर अर्ध्या तासात चारशे माणसे जमतात. लग्नाला देग कुणाची, मंडप कुणाचा, विचारावे लागत नाही. पण उर्दू शाळा मोहल्ल्यात, ज्युनिअर कॉलेज मोहल्ल्याच्या तोंडाशी, दुकान मोहल्ल्यात, सोयरीक चार गल्ल्या पलीकडे. मोहल्ल्याबाहेर भाड्याने घर मागायला गेले की मालक आधी नाव विचारतो. मग लांबची, तोंडओळखीची माणसे येणार कुठून? आमच्या मुलीने नेमके हेच विचारले होते आणि आम्ही हसलो.

कुणी म्हणेल, ओळख नसेल तर अर्ज करा, गुणवत्ता असेल तर संधी मिळेल. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास मांडला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाशी तुलना करता मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी केलेल्या बोलण्यावर लेख लिहिला. हे अधिकारी गुणवत्तेशिवाय दुसरे काही पाहत नाही म्हणायचे आणि लगेच उमेदवाराच्या घरच्या पार्श्वभूमीला किती महत्त्व देतो तेही सांगायचे. म्हणजे ओळख नसलेल्याने नुसता अर्ज टाकून पाहावा, तर तिथे नाव आडवे येते. नाव आडवे येऊ नये म्हणून आत कुणीतरी ओळखीचे हवे. आणि ते नाही म्हणून तर अर्ज टाकला होता.

अशा मुलाला 'नेटवर्किंग करा' म्हणून सांगणे म्हणजे बिनजमिनीच्या माणसाला नांगरणीवर व्याख्यान देणे आहे.

पण सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. आपल्या घरात काय चालले आहे ते पाहू.

त्या शिबिराचेच घ्या. ज्या शिबिराचा विषय जनसंपर्क, त्याला एकही मराठी पत्रकार बोलावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी उर्दू दैनिकात फोटोसह बातमी आली. त्यात अकरा मान्यवरांची नावे होती, मुलांनी काय विचारले त्याची एक ओळ नव्हती. मराठी वर्तमानपत्रांत काहीच नाही. आपल्या शाळा, पतसंस्था, दवाखाने, बैतुलमाल, रक्तदान करणारी मंडळे वर्षभर काम करतात आणि शेजारच्या गल्लीतल्या मराठी माणसाला त्याचा पत्ता नसतो. आपल्याविषयी मराठी वर्तमानपत्रात छापून येते ते पोलिसांच्या प्रेस नोटवरून येते, कारण पोलीस प्रेस नोट पाठवतात आणि आपण पाठवत नाही. मग आपणच म्हणतो, मीडिया आमची बाजू दाखवत नाही. काही वेळा ते खरे असतेही. पण बाजू लिहून तरी कुणी दिली होती?

विचारले तर उत्तर मिळते, "आमचा सेक्रेटरी साहेबांचा पुतण्या व्हॉट्सॲपवर टाकतो." हा आपला जनसंपर्क विभाग. संस्थेच्या कमानीवर लाखभर खर्च होतो, पण महिना दहा-बारा हजारांवर एक लिहिणारी मुलगी ठेवायची म्हटले की मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघतात. आपल्या मुलांना पहिला अनुभव आपल्याच संस्था देणार नसतील, तर मुंबईच्या एजन्सीने तो का द्यावा?

आणि आम्ही शिक्षक. मी अठरा वर्षे उर्दू शाळेत मराठी शिकवतो आहे. जी मुलगी निबंध चांगला लिहायची तिला मी सांगत आलो, डी.एड. कर. शिक्षक भरती वर्षानुवर्षे रखडली, डी.एड. झालेल्या मुली शिकवण्या घेत घरी बसल्या, तरी मी तेच सांगत राहिलो. कारण मला दुसरे काही माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यायची तसदी मी घेतली नाही.

दोन भाषांत वाढलेल्या या मुलांचे मोल तरी आपल्याला कुठे ठाऊक आहे? मोठ्या कंपन्यांच्या मराठी प्रेस नोटा वाचून पाहा. 'आम्हाला हे घोषित करताना अत्यंत आनंद होत आहे' असली इंग्रजीतून ओढून आणलेली मराठी. उपसंपादक ती सरळ टोपलीत टाकतो. त्या जागी स्वच्छ मराठी लिहिणारा आणि तीच गोष्ट उर्दूत मोहल्ल्याला समजेल अशी सांगणारा माणूस किती कामाचा!

पोलिओचे उदाहरण सगळ्यांच्या आठवणीतले आहे. उत्तर प्रदेशात 'हे थेंब पाजले तर मुलांना पुढे मुले होणार नाहीत' अशी अफवा पसरली होती. दारे बंद होत होती. नुसत्या सरकारी जाहिरातीने ती उघडली नाहीत. वस्तीतल्याच बायका घरोघर गेल्या, इमामांनी मशिदीतून सांगितले, तेव्हा मुले बूथवर आली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या बायकांकडे जनसंपर्काची पदविका नव्हती, पण त्यांनी केले ते उत्तम जनसंपर्काचे काम होते. मोहल्ला ओळखणे हेही या व्यवसायात भांडवल आहे. आपली मुले ते लपवतात, कारण ते बायोडाटात कसे लिहायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

आता एक आक्षेप, जो माझ्याच शाळेतल्या एका मौलवी साहेबांनी घेतला. "सर, तुम्ही सिफारिश करायला सांगता. हक्कदाराचा हक्क मारला जातो." आक्षेप वजनदार आहे. पण सूरह निसामध्ये चांगली सिफारिश आणि वाईट सिफारिश असा फरक केलेला आहे, हे त्यांनाच जास्त माहीत. लायक नसलेल्याला खुर्चीवर बसवणे हा वशिला. लायक माणसाला दारापर्यंत नेऊन "हिचे काम बघा आणि मग ठरवा" एवढे म्हणणे ही ओळख करून देणे. पहिल्यात दुसऱ्याचा हक्क जातो. दुसऱ्यात जिला कुणी पाहिलेच नसते तिला निदान पाहिले जाते. ज्यांच्या घरात ही ओळख जन्मतःच असते, ते तिला वशिला म्हणतच नाहीत. तो शब्द फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेला आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की ओळखी वाढवण्याचा उपदेश बावीस वर्षांच्या मुलीला करण्याआधी, ज्यांच्याकडे ओळखी आहेत त्यांना त्या वाटायला सांगितले पाहिजे. जकात फक्त पैशाची काढून भागत नाही. शाल घ्यायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आयोजकांनी अट घालावी. साहेब, भाषण पंधरा मिनिटांचे करा, पण जाताना तीन मुलांचे लिहिलेले वाचा आणि त्यातल्या एकाची तरी कुणाशी गाठ घालून द्या.

मुलांनीही हातावर हात ठेवून बसू नये. ओळख मागायला गेलात तर मिळत नाही, काम घेऊन गेलात तर मिळते. जवळच्या शाळेच्या, मशिदीच्या, मंडळाच्या कार्यक्रमाची दीडशे शब्दांची मराठी बातमी लिहा. कोण, काय, कुठे, कधी, का हे पहिल्या दोन वाक्यांत. मान्यवरांची नावे शेवटी. फोटोखाली ओळ. संध्याकाळी पाचच्या आत तालुका वार्ताहराला पाठवा. छापून आली तर आभाराचा फोन करा, नाही आली तर तक्रार करू नका. अशा वीस बातम्या आणि त्यांची कात्रणे जमली की तुमच्याकडे पदवीपेक्षा मोठी गोष्ट असेल, आणि चार वार्ताहर तुम्हाला नावाने ओळखत असतील.

त्या मुलीने हे माझ्या सांगण्याआधीच केले होते. शिबिराची मराठी बातमी तिने त्याच रात्री लिहिली आणि दोन वर्तमानपत्रांना पाठवली. एकात छापून आली. शीर्षक होते तिचाच प्रश्न.

ते कात्रण हातात घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मला आठवले की माझ्याबरोबर बी.एड. केलेला एकजण जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात पीआरओ आहे. ईदला मेसेज येतो, तेवढाच संबंध. मी फोन लावला. तो म्हणाला, "पाठव तिला. महिनाभर बसू दे माझ्याजवळ. पगार नाही देता येणार, एसटीचं भाडं देतो. काम जमलं तर पुढचं बघू." सध्या ती सकाळच्या सातच्या गाडीने जाते.

पुढे काय होईल, मला माहीत नाही. एवढे माहीत आहे की त्या फोनला सात मिनिटे लागली, आणि अठरा वर्षांत मी तो एकाही विद्यार्थ्यासाठी केला नव्हता. तुमच्या मोबाइलमध्येही असा एखादा नंबर असेल. कुणासाठी लावणार आहात?