खुडूक कोंबडीला उठवण्याआधी हिसाब मांडा

व्यापाराच्या पानावर कोंबडीचा विषय पाहून काही वाचक बंधू हसतील. नायगावात कापड विकणाऱ्या माणसाला कोंबडीशी काय देणेघेणे, असेही विचारतील. परंतु माझ्या दुकानी येणारी शिवणकामाची, रजया भरण्याची, बांगड्या विकण्याची जी घरे आहेत, त्यांतील पुष्कळांच्या अंगणात पाच-सात गावरान कोंबड्या असतात. सणाच्या तोंडावर जुनी उधारी फेडायला आलेली बाई अनेकदा कोंबडी विकूनच आलेली असते. म्हणजे ही कोंबडी माझ्या खातेवहीतही आहे.

'घर की मुर्गी दाल बराबर' असे आपण म्हणतो आणि खरोखरच तिला डाळीच्या भावाने मोजतो. कोंबडी खुडूक झाली (आमच्या बोलीत 'कुडक') की घरात कटकट सुरू होते. ती अंडी देत नाही, जागेवरून हलत नाही, हात लावला तर पिसे फुलवून चोच मारते. मग तिला पाण्यात बुचकळतात, टोपलीखाली कोंडतात, कोणी तर नाकात पीस ओवतात. का? तर अंडी बुडतात. हा विचार खोटा नाही, पण तो अर्धा हिसाब आहे.

पुरा हिसाब असा. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. तिला बसवायचे तर १० अंडी खाली घालावी लागतात. २१ दिवस ती बसणार, पुढे दीड-दोन महिने पिल्ले घेऊन फिरणार. या अडीच-तीन महिन्यांत तिची सुमारे २५ अंडी बुडतात असे धरा. म्हणजे एकूण ३५ अंड्यांचे भांडवल गुंतले. पाच पिल्ले मोठी झाली तर एक पक्षी सात अंड्यांना पडला. वरचा दाणा धरूनही या भावात गावरान कोंबडी कोणत्या बाजारात मिळते? परंतु एकच पिल्लू जगले, तर तोच पक्षी ३५ अंड्यांना पडला आणि धंदा बुडाला. म्हणून सारा नफा-तोटा एका प्रश्नावर येतो: किती पिल्ले जगली?

मी स्वतः दोनदा ठेच खाल्ली आहे. एकदा ऐन मे महिन्यात कोंबडी बसवली. आपल्याकडे त्या दिवसांत पारा चाळिशीच्या वर असतो. बारा अंड्यांतून तीन पिल्ले निघाली. दुसऱ्यांदा हिवाळ्यात बसवली, दहांतून नऊ निघाली. घरभर आनंद झाला. महिनाभरात मानमोडी आली आणि नवातले एक उरले. पहिल्या वेळी हंगाम चुकला होता, दुसऱ्या वेळी लस चुकली होती. कोंबडीने दोन्ही वेळा आपले काम चोख केले होते.

तेव्हा ज्याला बसवायची त्याने हे पाळावे. दिवाळीपासून थंडी संपेपर्यंतचा काळ बरा. अंडी आठवड्याच्या आतली, थंड जागी ठेवलेली आणि ज्या कळपात कोंबडा आहे तिथलीच असावीत. दुकानातील फार्मच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, कारण तिथे कोंबडा नसतोच. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा किंवा बंगळूरची गिरिराज या जाती अंड्याला चांगल्या, पण त्या खुडूक क्वचितच होतात आणि संकरित असल्याने त्यांचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत. सातव्या-आठव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडापुढे धरावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर आत जीव आहे, नुसते स्वच्छ दिसले तर ते काढून टाकावे. कोंबडी दिवसातून एकदा उठते, तेव्हा दाणापाणी समोर असावे. पिल्ले निघाल्यावर पहिले काही आठवडे घार, कावळा, मांजर आणि मुंगूस यांच्यापासून जपावे.

आता मुख्य मुद्दा लसीचा. मानमोडीला सरकारी भाषेत राणीखेत म्हणतात. तिच्यावर पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुढची लस, एवढाच उपाय आहे. रोग झाल्यावर औषध नाही. अडचण अशी, की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी एवढा उपद्व्याप कोण करणार? म्हणून कोणीच करत नाही आणि गल्लीच्या गल्ली साफ होते.

व्यापाऱ्याला यावरचा उपाय ठाऊक आहे. एकट्याला गाठ परवडत नसेल तर चार दुकानदार मिळून उचलतात. तसेच गल्लीतील आठ-दहा घरांनी आपल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात. जी आधी खुडूक झाली तिला काही दिवस दोन जुन्या अंड्यांवर गुंतवून ठेवता येते. पिल्ले एकदम निघतील आणि एका बाटलीत सर्वांचे काम होईल. सगळ्याच कोंबड्या बसवू नयेत. एक बसवावी, बाकीच्यांनी अंडी द्यावीत, म्हणजे घरचा रोजचा खर्चही चालतो.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. २००६ साली नवापुरात आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात बर्ड फ्लू आला. २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या उदगीरमध्ये कावळे त्याच रोगाने मेले. एकदम पुष्कळ पक्षी मेले तर ते खाऊ नयेत, विकू नयेत, जनावरांच्या दवाखान्यात कळवावे. दोन पैशांसाठी रोगी पक्षी बाजारात नेणारा स्वतःच्याच गल्लीचा धंदा बुडवतो.

२१ दिवस बसणारी कोंबडी रिकामी बसलेली नसते. तिला उठवायचे असेल तर जरूर उठवा, पण आधी वहीत दोन्ही बाजू लिहा. आणि बसवायची ठरली तर शेजारच्या घरी विचारून या, त्यांचीही खुडूक झाली आहे का.