तीन कुलगुरूंना इशारा: मुदत 30 एप्रिल

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (जळगाव), महात्मा फुले कृषी विद्यापीठ (राहुरी) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (नाशिक) यांच्या कुलगुरूंना हे जाहीर पत्र आहे. विनंतीच्या भाषेतले नाही, म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. खानदेशातला एम.एस्सी.चा विद्यार्थी आपल्या तिघांच्या दारांत काम करतो, त्याच्यासाठी एक समान, बंधनकारक नियमावली करा. त्यावर आपल्या तिघांच्या सह्या येत्या 30 एप्रिलपर्यंत झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत, तर 2 मेपासून आम्ही काय करणार आहोत ते शेवटी लिहिले आहे, आणि ते आम्ही करू.

आम्ही म्हणजे जळगाव-धुळ्यातले सेवेतले आणि निवृत्त विज्ञान-प्राध्यापक, आजी-माजी विद्यार्थी आणि ज्यांची मुले-मुली यंदा एम.एस्सी.ला प्रवेश घेणार आहेत असे पालक. आमच्याकडे लेटरहेड नाही आणि अध्यक्षही नाही.

2023-24 पासून राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एम.एस्सी.ची रचना बदलली. दोन वर्षे, चार सत्रे, 88 क्रेडिट. त्यातली 4 क्रेडिट दुसऱ्या सत्रात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) किंवा क्षेत्रकार्याची, 4 तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाची आणि 6 चौथ्या सत्रात त्याच प्रकल्पाची. बेरीज 14, म्हणजे पदवीचा जवळपास सहावा हिस्सा. हा हिस्सा फळ्यासमोर बसून मिळत नाही. शेतात, इस्पितळात, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जावे लागते. कागदावर पदवी एका विद्यापीठाची राहिली, प्रत्यक्षात तिचे काम अनेकांच्या आवारात गेले. हे शासनाने केले आणि आपण तिघांनी मुकाट्याने स्वीकारले. हे काम चालवायचे कोणी, एवढे मात्र कोणीच ठरवले नाही.

खानदेशची मांडणी पाहा. 15 ऑगस्ट 1990 रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावला विद्यापीठ आले. जळगाव, धुळे आणि आजचा नंदुरबार जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. एम.एस्सी.चे विद्यार्थी त्याचे. पण जळगावचे केळी संशोधन केंद्र आणि धुळ्याचे कृषी महाविद्यालय राहुरीचे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकचे. पहिले विद्यापीठ 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली आणि उच्च शिक्षण विभागाच्या अखत्यारीत. दुसरे 1983 च्या कायद्याखाली, कृषी विभागाकडे. तिसरे 1998 च्या कायद्याखाली, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. एकाच शहरात चार-सहा किलोमीटरच्या अंतरावर असलेल्या दोन प्रयोगशाळांमध्ये एका मुलीला जायचे असेल, तर दोन मंत्रालयीन विभागांच्या सीमा ओलांडाव्या लागतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो असे म्हणतात. इथे घरे तीन आहेत.

याचा परिणाम काय होतो ते केळीवरून सांगतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना सीएमव्ही, म्हणजे हरण्या रोग, समजावून सांगावा लागत नाही. पानांवर पिवळे पट्टे येतात, पाने आकसतात, पोंगा सडतो. औषध नाही, झाड उपटून टाकणे एवढेच हाती उरते. मावा तो पसरवतो, आणि मृगबागेत त्याचा जोर जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत असतो. म्हणजे नेमका तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीने ठरवले की रोपांमध्ये विषाणू आधीच असतो की शेतात आल्यावर मावा तो आणतो, हे आरटी-पीसीआर करून तपासायचे. प्रश्न चांगला आहे, शेतकऱ्याच्या कामाचा आहे. यंत्र एका विद्यापीठाकडे, रोगाची जाण असलेला शास्त्रज्ञ दुसऱ्याकडे. तिचा अर्ज महाविद्यालयातून जळगावच्या विद्यापीठात, तिथून राहुरीला, राहुरीहून पुन्हा जळगावच्या केंद्रात असा फिरणार. फाइल हलेपर्यंत दिवाळी आली, तर रोगाचा हंगाम संपलेला असेल आणि तिचे सत्रही. मग ती काय करील? जुन्या पेपरांतून एक 'आढावा' जुळवील, चाळीस पाने बांधून घेईल आणि 4 क्रेडिट पदरात पाडून घेईल. तिचा दोष किती आणि आपला किती, हे आपणच ठरवा.

शिवाय केळीचे पीक जवळपास वर्षाचे. मृगबाग जूनमध्ये लावली तर घड पुढच्या उन्हाळ्यात येतो. सत्र संपते चार-पाच महिन्यांत. तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचा प्रकल्प सलग धरला आणि निरीक्षणांची परवानगी जूनमध्येच मिळाली, तरच पूर्ण पीक पाहता येते. हे जमवायला पैसा लागत नाही. दोन विद्यापीठांच्या वेळापत्रकांनी एकमेकांकडे पाहावे लागते.

दुसरे उदाहरण जास्त गंभीर आहे, कारण तिथे माणसे आहेत. धुळ्यातल्या साक्री-शिरपूरच्या आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. 1 जुलै 2023 रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, उद्दिष्ट 2047 चे. जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी या कामात उतरला तर कोणाला नको आहे? पण रक्ताचा नमुना हा केळीच्या पानाचा तुकडा नव्हे. त्याला संमतीपत्र लागते, आयसीएमआरच्या 2017 च्या तत्त्वांप्रमाणे नैतिकता समितीची मंजुरी लागते. आता सांगा: ही समिती कोणाची? मंजुरी वैद्यकीय महाविद्यालयाने दिली आणि नमुने विद्यार्थ्याच्या महाविद्यालयातल्या फ्रीजमध्ये ठेवले, तर त्यांवर नजर कोणाची? तपासणीत एखादी तरुणी वाहक निघाली, तर ते तिला कोण सांगणार, कोणत्या शब्दांत, समुपदेशक जवळ असताना की बाविशीतल्या एका विद्यार्थ्याने व्हॉट्सअॅपवर? सुई टोचली तर उपचारांचा खर्च कोणाचा? मुलीला परक्या संस्थेत त्रास झाला, तर अंतर्गत तक्रार समिती कोणत्या संस्थेची? या पाच प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर कागदावर नसताना विद्यार्थी पाठवणे हा बेजबाबदारपणा आहे. आम्ही तो शब्द विचार करून वापरला आहे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, सामंजस्य करार आहेतच. असे करार आम्ही पाहिले आहेत: शाल, श्रीफळ, फोटो, दोन पानांचा मजकूर आणि 'परस्पर सहकार्य' हे शब्द. गुण कोण देणार, किती दिवसांत देणार, भांडण झाले तर कोणाकडे जायचे, हे त्यात कुठे असते? करार दोन संस्थाप्रमुखांमध्ये होतो. विद्यार्थ्याला त्यातून एकही हक्क मिळत नाही. प्रमुख बदलला की करार कपाटात जातो.

कोणी म्हणेल, क्रेडिट बँक आहे. ती क्रेडिट साठवते. 2021 च्या नियमांप्रमाणे निम्मी क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवली, तर उरलेली दुसरीकडची चालतात. पण दुसरीकडचे काम क्रेडिटच्या लायकीचे झाले का, हे बँक ठरवत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते, आणि ती माणसे कोण हाच तर वाद आहे.

आणि कोणी म्हणेल, यात आमची स्वायत्तता जाईल. पुण्याला आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था 1988 पासून आहे. जयंत नारळीकरांनी ती संस्था उभी केली ती देशभरच्या विद्यापीठांची सामाईक सोय म्हणून. तिथे विद्यार्थी काम करतात, पदवी मात्र विद्यापीठांचीच असते. कोणत्या विद्यापीठाची स्वायत्तता बुडाली? युरोपात 2004 पासून इरास्मुस मुंडुस या नावाने चालणाऱ्या सामाईक मास्टर्स अभ्यासक्रमांत वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या कायद्यांची विद्यापीठे एकत्र येतात. एका सीमेपलीकडे भाषा बदलते, चलन बदलते, तरी जमते. आपल्याला जळगाव, राहुरी आणि नाशिक एवढेच जुळवायचे आहे, आणि आपल्या तिघांचे कुलपती एकच आहेत: राज्यपाल. तीन विभागांच्या वर एक सही उपलब्ध असताना अडचण कायद्याची आहे हे आम्ही मान्य करणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत.

पहिली: तिन्ही विद्यापीठांचे एक संयुक्त नियामक मंडळ. अध्यक्षपद दरवर्षी फिरते. वर्षातून चार बैठका, आलटूनपालटून जळगावला आणि धुळ्याला. राहुरीला किंवा मुंबईला नाही. मंडळात दोन विद्यार्थी, मतासह. इतिवृत्त पंधरा दिवसांत जाहीर.

दुसरी: प्रत्येक विद्यार्थ्यामागे सल्लागार समिती. कृषी विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला अशी समिती असतेच. ती पद्धत राहुरीकडून घ्या. त्यात एक मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या महाविद्यालयातला आणि एक यजमान संस्थेतला, दोघांच्या सह्या काम सुरू होण्यापूर्वी.

तिसरी: परवानगीच्या अर्जावर 21 दिवसांत लेखी निर्णय. 21 दिवसांत उत्तर आले नाही, तर अर्ज मंजूर समजायचा. अपवाद एकच, माणसांवरच्या संशोधनाचा. तिथे नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय काहीही नाही.

चौथी: 14 क्रेडिटच्या मूल्यमापनाचा एकच तक्ता. यजमान मार्गदर्शकाचा वाटा किती, व्हायवाचा किती, दहा गुणांच्या एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर कसे, हे प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात.

पाचवी: अपघात विमा, प्रवासखर्च आणि तक्रार समिती यांची जबाबदारी कोणाची, हे संस्थेच्या नावासह. धुळ्याच्या मुलीने जळगावला एसटीने रोज ये-जा करून ओजेटी करायची आणि तिकिटाचे पैसे बापाने कापूस विकून द्यायचे, हे बंद.

सहावी: माहितीची मालकी आणि शोधनिबंधावरची नावे आधी ठरलेली. आणि एखाद्या विद्यापीठाने अंग काढून घेतले, तरी प्रवेश घेतलेला शेवटचा विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत त्याचे बंधन कायम.

आमच्या स्वतःच्या बाजूलाही इशारा आहे. ओळखीच्या दुकानातून किंवा कंपनीतून ओजेटीच्या कागदावर शिक्का आणणाऱ्या विद्यार्थ्यांची बाजू आम्ही घेणार नाही. तसा कागद डोळे मिटून स्वीकारणाऱ्या विभागप्रमुखांचीही नाही. ज्या महाविद्यालयांनी पदव्युत्तर वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर काढले आहेत, त्यांनीही ऐकावे: सत्र संपताच ज्याचा पगार थांबतो, त्याला आपण प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून दाखवता. चौथ्या सत्रात विद्यार्थ्याने सही घ्यायला त्याच्या गावी जायचे काय? नियमित मार्गदर्शक देता येत नसेल, तर त्या जागांवर प्रवेश देऊ नका. कमी विद्यार्थी चालतील, अनाथ विद्यार्थी चालणार नाहीत.

आता परिणाम.

30 एप्रिलला सायंकाळपर्यंत सह्या झालेली नियमावली जाहीर झाली नाही, तर 2 मे रोजी आमचे निवेदन सह्यांसह कुलपतींकडे जाईल, प्रती तिन्ही विभागांना. त्याच दिवसापासून जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, शिरपूर आणि साक्री इथल्या एसटी स्थानकांवर आम्ही पत्रके वाटू. त्यात वरचे प्रश्न असतील आणि एक ओळ: लेखी उत्तर मिळेपर्यंत फी भरू नका. एम.एस्सी. चालवणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला तेच प्रश्न नोंदणीकृत टपालाने जातील. कोणी उत्तर दिले आणि कोणी दिले नाही, ही यादी प्रवेश सुरू होण्यापूर्वी आम्ही छापू. आमच्यातले जे प्राध्यापक सेवेत आहेत, ते लेखी व्यवस्था नसलेल्या कोणत्याही बाहेरच्या कामावर मार्गदर्शक म्हणून सही करणार नाहीत. कारवाई करायची असेल तर जरूर करा, कारण काय लिहिता ते आम्हाला वाचायचे आहे. नोंदणीकृत पदवीधरांच्या मतांवर अधिसभेत बसलेल्या सदस्यांकडून आम्ही हिशेब मागू. आणि जूनअखेर काहीच घडले नाही, तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात याचिका दाखल होईल. तिचा मसुदा तयार आहे.

आम्ही टाळे ठोकणार नाही, काचा फोडणार नाही, परीक्षा बंद पाडणार नाही. प्रयोगशाळांत मुलांनी वाढवलेले कल्चर आहे, आणि परीक्षा बुडाली तर नुकसान त्यांचेच. आपल्याला चर्चा करायची असेल तर जळगावला किंवा धुळ्याला या, दार उघडे आहे. मात्र चर्चेला बसलो म्हणून मुदत एक दिवसानेही पुढे जाणार नाही. समिती नेमली, अहवाल मागवला, उपसमितीकडे सोपवले, ही उत्तरे आम्ही उत्तरे म्हणून धरणार नाही.

नियमावली सहा मुद्द्यांची आहे, सह्या तीन लागतात. 30 एप्रिलनंतर जे होईल त्याची जबाबदारी ज्यांनी सही केली नाही त्यांची असेल, आणि तसे आम्ही नावानिशी लिहू.