नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

उरण तालुक्यात दर वर्षी २५ सप्टेंबर रोजी चिरनेरच्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. १९३० साली याच दिवशी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कातकरी, रामा बामा कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, परशुराम रामा पाटील, हसुराम बुध्या पाटील, आनंदा माया पाटील आणि आलू बेमट्या म्हात्रे हे आठ जण त्या लढ्यात कामी आले. ही नावे आदराने वाचली जातात, परंतु ती केवळ नावे म्हणून आपण क्वचितच न्याहाळतो. तशी ती न्याहाळली तर त्या काळच्या श्रमजीवी घराचा इतिहासच त्यांत दडलेला आढळतो.

नवश्या म्हणजे नवसाने झालेला. बुध्या म्हणजे बुधवारी जन्मलेला. धाकू म्हणजे धाकटा. यांच्याच नात्यातले धोंडू, दगडू आणि केरू महाराष्ट्राच्या गावोगावी होते. ज्या घरात आधीची मुले दगावली, त्या घराने नव्या जिवाला दगडाचे किंवा केराचे नाव द्यायचे. हेतू हा, की मृत्यूची आणि दृष्टीची नजर त्याच्यावर पडू नये. या नावांचा अर्थ लावण्यासाठी संस्कृत धातू शोधून भागणार नाही. त्यासाठी सुईण नसलेली रात्र, देवीची साथ आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर यांचा हिशेब मांडावा लागेल. आजच्या वाचकाला हास्यास्पद वाटणाऱ्या या नावांमागे आपले मूल जगावे एवढीच एका आईची आकांक्षा होती.

अर्थात सगळाच दोष मृत्यूच्या भयावर टाकता येणार नाही. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ग्रंथ वाचण्याची ज्यांना बंदी होती, त्यांच्या पाळण्यापर्यंत ग्रंथाचा हा नियम मात्र बिनबोभाट पोहोचला. शिवाय एकच नाव जातीनुसार आणि जमिनीनुसार वेगवेगळे उच्चारले जाई. वाड्यावरचा तो रामराव, पेठेतला रामजी, कुळाचा रामा आणि वेठीचा राम्या. आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ हे दोन वाक्प्रचार इतके शेजारी नांदतात, हा निव्वळ योगायोग म्हणता येईल काय? बहुजनांना शतकानुशतके नाव ठेवले गेले ते नावे ठेवण्याच्याच सुरात. वरील आठ नावांतही आडनावाच्या जागी कातकरी, कोळी आणि न्हावी आहेत. म्हणजे माणूस हुतात्मा झाला, तरी त्याची ओळख जमात आणि धंदा यांच्या पलीकडे जाऊ दिली गेली नाही.

याविरुद्धचे सर्वांत ठाम उत्तर दलित समाजाने दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ हे नाव दिले आणि पुढे तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालयाला मिलिंद हे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा आणि करुणा जन्माला आले. दुसऱ्याने दिलेले नाव नाकारून स्वतः निवडलेले नाव धारण करणे ही त्या समाजाची लहान दिसणारी, परंतु दूरगामी क्रांती होती. त्या नावांपाठोपाठ शाळेचा दाखला, वसतिगृह आणि नोकरी आली, म्हणूनच ती टिकली.

आज द्रोणागिरीच्या परिसरात सिडकोचे नवे नगर उभे राहिले आहे. तेथील नव्या घरांत बारशाच्या आधी अर्थासह नावांची पुस्तके आणि याद्या चाळल्या जातात. दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव हवे, अर्थ तेजाचा किंवा विजयाचा हवा, असा आग्रह असतो. या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्यांच्या आजोबांना बुध्या हे नाव मिळाले, त्यांनी नातवासाठी सूर्याचे नाव शोधावे हा त्यांचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की आजोबांचे नाव उच्चारताना नातवाला संकोच का वाटावा? नाव बदलावे, लाज मात्र बाळगू नये. लाज वाटायचीच तर ती मूल जगण्यासाठी त्याला दगड म्हणावे लागत होते त्या व्यवस्थेची वाटावी.

केवळ नाव बदलल्याने काय साधते आणि काय साधत नाही, याचा धडा सातारा जिल्ह्याने दिला. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशी’ हे नाव पडलेल्या २८५ मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये तेथील जिल्हा परिषदेने समारंभपूर्वक नवी नावे दिली. उपक्रम स्तुत्य होता. स्वतःच्या पसंतीचे नाव हातात आल्यावर त्या मुलींना झालेला आनंद खरा होता. परंतु त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ९१३ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये करणाऱ्या राज्याची ही अवस्था! नकुशी हे नाव निदान जन्मलेल्या मुलीला मिळत होते. सोनोग्राफीच्या काळात नको असलेली मुलगी नावापर्यंतही पोहोचत नाही.

चिरनेरच्या नावांत आणखी एक उणीव आहे. आठ हुतात्मे आहेत, आठ बाप आहेत, परंतु एकाही आईचे नाव नाही. ज्यांनी नवस केले त्यांची नोंद राहिलीच नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लावण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. स्त्री-चळवळीची ही जुनी मागणी. ती कागदावर उतरली, आता प्रत्येक दाखल्यावर उतरली पाहिजे.

जमीन, रोजगार आणि पाणी यांचे प्रश्न पेटलेले असताना बारशाची चर्चा कशाला, असे काही सहकारी विचारतील. त्यांनी जन्मनोंदीचा कायदा पाहावा. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. नाव ठरलेले नसले तरी नोंद होते. पुढे बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, त्या तारखेपासून जन्मणाऱ्यांना शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. वीटभट्टीवर जन्मलेल्या कातकरी बालकाची खबर कोणी आणि कोणत्या गावी द्यायची? ती दिली गेली नाही, तर पाळण्यातले नाव कितीही गोड असो, शासनाच्या लेखी ते मूल निनावीच राहील.

म्हणून कार्यकर्त्यांनी बारशाला नारळ आणि टोपडे घेऊन जरूर जावे, पण जाताना जन्मनोंद झाली का, दाखल्यावर आईचे नाव आले का आणि मुलाचे नाव आईबाप उच्चारतात तसेच लिहिले गेले का, हेही विचारावे. वाडीवर आणि भट्टीवर तर मुद्दाम जाऊन विचारावे. नाव कोणते ठेवायचे ते आईबापांनी ठरवावे. ते नाव पुसट होऊ न देणे हे आपले काम आहे. नवश्या कातकरी हे नाव इतिहासात लिहिले जाण्यासाठी त्या माणसाला छातीवर गोळी घ्यावी लागली. त्याच्या जमातीच्या आजच्या बालकाचे नाव सरकारी वहीत लागण्यासाठी २१ दिवसांच्या आत भरलेला एक कागद पुरेसा व्हावा.