रिकामी जागा कुणाची?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत बंदराची सुमारे 1800 एकर जमीन आहे. गोद्या, गोदामं, रेल्वेचे रूळ, कोळशाचे आणि लाकडाचे बंदर. ह्या जमिनीचं आता काय करायचं, ह्यावर दहा वर्षांहून जास्त काळ सरकारात खल चाललाय. 2014 साली केंद्राने समिती नेमली. 2018 साली त्या जमिनीचा आराखडा करायचा अधिकार बंदरालाच दिला. आराखड्यात काय आहे? जहाजातून येणाऱ्या पर्यटकांसाठी धक्का, बोटींचा तळ, बागा आणि मोठमोठी ऑफिसं. ऑफिसं साधी नाहीत म्हणतात. छपरावर सोलर, पावसाचं पाणी साठवणार, वापरलेलं पाणी पुन्हा वापरणार. त्याला ‘शाश्वत विकास’ असं नाव आहे.

आपले काही लोक विचारतात, मुंबईच्या गोदीचं आपल्याला काय? आपला लढा प्लॉटचा, वनहक्काच्या दाव्याचा. बरोबर आहे. पण ही गोष्ट नीट वाचली तर आपलीच वाटेल, म्हणून आम्ही ती इथे मांडतोय.

पहिलं म्हणजे ती जमीन रिकामी नाही. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट 1873 साली झाला. प्रिन्सेस डॉक 1880 चा, व्हिक्टोरिया डॉक 1888 चा, अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आता इंदिरा डॉक म्हणतात, तो 1914 चा. यातली बरीच जमीन समुद्रात भराव टाकून केलेली. भराव कुणी टाकला? पाट्या वाहणाऱ्या बाया-माणसांनी. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेल्या लोकांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहिली. आजही दारुखान्यात जुनी जहाजं तोडणारे मजूर आहेत, हजारो झोपड्या आहेत, ससून डॉकला आणि शिवडीला मासळीवर जगणारे लोक आहेत. एवढी माणसं असताना कागदावर लिहितात, ‘वापरात नसलेली जमीन.’

हा शब्द आपण ओळखतो. आपल्या आजोबांनी नाचणी-वरई काढली त्या जमिनीला कागदावर ‘पडीक’ लिहिलं. गुरं चरतात त्याला ‘ओसाड’ लिहिलं. जिथून आपण डिंक, मोह, कंद आणतो त्याला फारेस्टवाल्यांनी ‘विरळ जंगल’ लिहिलं. जमीन घ्यायच्या आधी ती कागदावर रिकामी करावी लागते. माणसं मागाहून हलवतात.

दुसरं, गिरणीचं उदाहरण बघा. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. नंतर गिरण्या एकेक बंद पडल्या. सुमारे 600 एकर जमीन शहराच्या मधोमध उरली. 1991 साली नियम झाला की मालकाला जमीन विकसित करायची असेल तर तीन वाटे पडतील. एक वाटा मोकळ्या मैदानांना, एक गरिबांच्या घरांना, एक मालकाला. वाईट नव्हता नियम. पण 2001 साली त्यात एक बदल केला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, म्हणजे जिथे आधीपासून बांधकाम नव्हतं तेवढ्याचीच. गिरणी म्हणजे सगळं बांधकामच! मग वाटायला राहिलं किती? लोक कोर्टात गेले, हायकोर्टात 2005 साली जिंकले, 2006 साली सुप्रीम कोर्टात हरले. आज तिथे काचेचे टॉवर आणि मॉल आहेत. घरासाठी अर्ज केलेले कितीतरी गिरणी कामगार वाट बघत म्हातारे झाले, काही गेले.

एका शब्दाने शेकडो एकर फिरले. आता आपल्याकडे बघू. 2009 साली केंद्राने परिपत्रक काढलं की जंगलजमीन प्रकल्पाला द्यायच्या आधी वनहक्काचे दावे पुरे झाले पाहिजेत आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. 2022 च्या नियमांनी काय केलं? केंद्र आधी मंजुरी देऊ शकेल, वनहक्क कायद्याचं काय ते राज्याने नंतर बघावं. हक्क रद्द केला असं कुणी म्हणत नाही. फक्त त्याची पाळी मागे ढकलली. मंजुरी हातात आल्यावर आपल्या गावात विचारायला येणारा सायेब विचारायला येईल की सांगायला, हे आपण समजून घ्यावं.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. गोदी सुनी का पडली? बंदर पूर्ण बंद नाही, पण 1989 साली खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला नवं बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा धंदा तिकडे गेला. त्यासाठी आणि नव्या मुंबईसाठी उरण-पनवेलच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक योग्य मोबदला मागायला रस्त्यावर उतरले तेव्हा गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या रक्तावर साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तोही पुऱ्या लोकांपर्यंत पोचायला वर्षानुवर्षं लागली.

आता न्हावा-शेवाही पुरत नाही म्हणतात. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं, ते वाढवणला आहे. जून 2024 मध्ये केंद्राने वाढवण बंदराला मंजुरी दिली, 76 हजार 200 कोटी रुपये. समुद्रात 1448 हेक्टर भराव. त्याला दगड-मुरूम लागणार तो आपल्या जिल्ह्याच्या डोंगरांतून. तव्यापर्यंत 32 किलोमीटरचा रस्ता. मच्छीमार भाऊ कित्येक वर्षं लढतायत. 1998 साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने ह्याच बंदराला नाही म्हटलं होतं. तरी ते परत आलं.

आता सगळं एका ओळीत ठेवा. मुंबईच्या गोदीतून न्हावा-शेवा, तिथून वाढवण. जहाजं, धूळ, भराव, ट्रक पुढे पुढे सरकत आपल्या दारात येतात. मागे जी जमीन सुटते तिथे स्वच्छ, हिरवी ऑफिसं उभी राहतात. त्या ऑफिसाला शाश्वत म्हणताना हिशोब फक्त त्याच्या कंपाउंडच्या आतला करतात. दिवा किती जळतो, पाणी किती वाचतं. कंपाउंडच्या बाहेर हलवलेलं धुराडं कोणी मोजत नाही.

पाण्याचंही तसंच. मुंबई तानसाचं पाणी 1892 पासून पिते. मग वैतरणा, भातसा, 2014 ला मध्य वैतरणा. धरणं आपल्या तालुक्यांत, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर. आता वाड्यात गारगाई धरण यायचंय, त्यात आपलीच गावं बुडणार. नव्या ऑफिसांनी पाणी वाचवलं तर आम्हाला आनंदच आहे. पण मग वाचलेल्या पाण्याचा हिशोब द्या. शहराने इतकं पाणी वाचवलं असेल तर गारगाई कशाला?

कोणी म्हणेल, पोरांना नोकऱ्या मिळतील. मिळतील, नाही म्हणत नाही. गिरणीच्या जागेवरही मिळाल्या. गिरणीत ज्याचा बाप कायम कामगार होता, पगारी रजा आणि युनियन होती, त्याच्या पोराला तिथेच वॉचमनचं नाहीतर झाडू-पोछ्याचं काम मिळालं, तेही ठेकेदाराकडून. नोकरी मिळणार म्हटलं की चार प्रश्न विचारा: कायम की ठेक्यावर, पगार किती, कुणाच्या पोराला, आणि लिहून देणार का.

आम्ही विकासाच्या आड येत नाही. जुनी गोदी गंजत पडावी असंही म्हणत नाही. मुंबईत श्वास घ्यायला जागा नाही, तिथे बाग व्हावी, दवाखाना व्हावा. आमचं म्हणणं सरळ आहे. ती जमीन सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांची आहे. ती विकू नका. तिथे राहणाऱ्या आणि राबणाऱ्या माणसाला तिथेच पहिलं घर, पहिलं काम द्या. आराखडा कागदावर पक्का व्हायच्या आधी वस्तीत बसून मराठी-हिंदीत वाचून दाखवा. आणि तिथे तोडलेल्या झाडांच्या बदल्यात आमच्या गुरचरणात, आमच्या प्लॉटवर सागाची रोपं लावायला येऊ नका.

गोदीतल्या झोपडीवाल्याकडे एक गोष्ट नाही जी आपल्याकडे आहे: ग्रामसभा. 2013 साली ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बारा ग्रामसभा बसल्या. बाराच्या बारांनी खाणीला नाही म्हटलं आणि खाण थांबली. मोठा नेता नव्हता तिथे, डोंगरिया कोंध बाया-माणसं होती. पण ती बैठकीला आली होती.

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने हे करावं. वनहक्क समितीचं दप्तर तपासा, कुठला दावा कुठे अडकलाय त्याची यादी करा. सामूहिक हक्काचा नकाशा नसेल तर हद्द फिरून काढा, म्हाताऱ्या माणसांना बरोबर घ्या, नाल्यांची-टेकड्यांची नावं लिहा. पर्यायी वनीकरण, दगडखाण, रस्ता किंवा धरण यासाठी ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय जमीन दिली जाणार नाही असा ठराव करा. ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे घ्या, कोरम मोजा, प्रत तहसीलला देऊन पोच घ्या. पोच जपून ठेवा, एक झेरॉक्स संघटनेकडे द्या.

आपल्या जमिनीला कागदावर कुणी रिकामी लिहायच्या आधी तिथे कोण राहतं, काय पिकतं, गुरं कुठे चरतात हे आपणच लिहून ठेवू.

जिंदाबाद!