गुळाच्या ढेपेचा रंग

दिवाळी जवळ आली की ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात) घरोघरी शेडकार्डं चाळली जातात. बोट थांबतं ते हल्ली बहुतेक वेळा फिकट करड्यावर. मला ते पटत नाही. आमचा वाळवा तालुका उसाचा. गुळाच्या ढेपेचा तपकिरी-सोनेरी रंग डोळ्यांसमोर असताना भिंत सिमेंटसारखी का दिसावी?

आपल्या जुन्या घरांना शेडकार्ड नव्हतं. मातीच्या भिंती, वर चुना आणि खाली हातभर गेरूचा पट्टा. तो पट्टा म्हणजे नुसती हौस नव्हे. टेकून बसणाऱ्यांच्या पाठी, सारवणाचे हात, पावसाचे शिंतोडे, सगळं त्यात लपायचं. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड असलेली माती. पिवळी मातीही लोहाचीच; तिच्यात पाण्याचा अंश असतो, भाजली की तीही लाल होते. एका रक्ताचे म्हणून की काय, हे दोन रंग शेजारी कधी भांडत नाहीत.

 असे रंग निवडताना माझी सूचना एवढीच: डबा घेण्याआधी भिंतीवर दोन फुटांचा तुकडा रंगवा, सकाळी पाहा, दिवे लागल्यावर पुन्हा पाहा. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली गेरू मळकट दिसतो, पिवळसर दिव्याखाली खुलतो. भिंतीला ओल असेल तर मात्र आधी तिचा बंदोबस्त; नाहीतर प्लॅस्टिक रंगाचे पोपडे निघतात. चुन्यातून ओल निदान बाहेर तरी पडते.

आमच्या माजघराला मी पिवळ्या मातीचा रंग दिला. आईनं पाहिलं आणि विचारलं, "दुकानातला चांगला रंग संपला होता का रे?"