तीन मतांची ढाल

ग्रामपंचायतीत नऊपैकी सहा सदस्य विरोधात गेले, तरी सरपंचबाई खुर्चीवरच! मग ही लोकशाही कसली? असा सवाल मावळात कामशेतच्या बाजारात, वडगावच्या तहसील कचेरीबाहेर ऐकू येतो. थोड्यांनी पुष्कळांना अडवण्याचा नियमच मोडीत काढा, असे काही शहाणे सांगतात. बंधू-भगिनींनो, आम्हांला हे मान्य नाही.

कायदा काय सांगतो? 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 35 पाहा. सदस्यांनी निवडलेल्या सरपंचाविरुद्ध अविश्वास ठरावाला दोन-तृतीयांश मते लागतात. पद महिलेसाठी राखीव असेल तर तीन-चतुर्थांश. म्हणजे 9 मते असतील तर 7 हवीत; 3 जण ठाम राहिले की ठराव पडला. सरपंच थेट जनतेतून निवडलेला असेल, तर तीन-चतुर्थांश सदस्यांवरही भागत नाही. ग्रामसभेने गुप्त मतदानाने मान्यता द्यावी लागते.

हे उगाच नाही. राखीव जागेमुळे आपली एखादी भगिनी सरपंच होते. ती कागदपत्रे समजून घेते न घेते तोच गावचे कारभारी तिला खाली ओढायला टपलेले असतात. 3 मतांची ढाल काढून घेतली, तर आरक्षण कागदावरच राहील. सरपंच खरोखर गैरकारभार करत असेल, तर कलम 39 खाली चौकशी करून काढण्याची वाट मोकळीच आहे.

पण अडवण्याचा अधिकार नेहमीच दुबळ्याच्या हाती असतो, असेही नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये 1964 साली काळ्या बांधवांच्या नागरी हक्कांचा कायदा दक्षिणेकडच्या सभासदांनी भाषणांवर भाषणे करून सुमारे दोन महिने रोखला. अखेर 71 विरुद्ध 29 मतांनी चर्चा बंद करावी लागली. आपल्याकडे हिंदू कोड बिल असेच लांबणीवर टाकत नेले. चार कलमे मंजूर होऊन ते बाजूला पडले आणि सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. स्त्रियांना हक्क मिळू नयेत म्हणून ती अडवणूक होती.

म्हणून आमची कसोटी सरळ आहे. दुबळ्याला मिळालेला हक्क काढून घेताना थोड्यांचा नकार भारी ठरावा. दुबळ्याला नवा हक्क देताना मात्र थोड्यांनी वाट अडवू नये. पहिला नियम जपा, दुसरा मोडा.

आता आपल्यापुरते. थेट निवडलेल्या सरपंचाचा फैसला ग्रामसभेत होतो. त्या दिवशी आपली माणसे लोणावळ्याच्या हॉटेलात, चिक्कीच्या कारखान्यात, तळेगावच्या कंपनीत पाळीवर असली, तर कायदा असून उपयोग नाही. ग्रामसभेची नोटीस लागली की वस्तीत घरोघरी सांगा. पाळी बदलून घ्या, जमल्यास अर्ध्या दिवसाची रजा टाका, आणि घरातल्या बायकांना आधी पुढे पाठवा. जयभीम!